यकृतातली गाठ सुईने जाळतात ती कशी?

सोनोग्राफीत यकृताची गाठ निघाली की घरात पहिला प्रश्न असतो, "आता पोट उघडणार का?" नाशिकहून परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरणारे कितीतरी रुग्ण हाच प्रश्न घेऊन निघतात. गाठ कर्करोगाची पण 3 सेंटिमीटरपर्यंत असेल, अशा एक-दोनच असतील आणि यकृताचं काम बऱ्यापैकी चालू असेल, तर मायक्रोवेव्ह अ‍ॅब्लेशनचा विचार होतो. यात गाठ कापून काढत नाहीत, जागच्या जागी जाळतात.

आधी सीटी किंवा एमआरआय करून गाठ नेमकी कुठे आहे ते पाहतात. रक्त नीट गोठतं का, प्लेटलेट किती, बिलिरुबिन किती, हेही तपासतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. मनाने बंद करू नका.

उपचाराच्या दिवशी उपाशीपोटी यायचं असतं. भूल दिल्यावर इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट बरगड्यांखाली किंवा दोन बरगड्यांमधून जेमतेम 2 मिलिमीटर जाडीची सुई आत सरकवतात. सोनोग्राफीच्या किंवा सीटीच्या पडद्यावर तिचं टोक गाठीत पोचल्याची खात्री झाली की यंत्र सुरू होतं. बहुतेक यंत्रांची वारंवारता 2450 मेगाहर्ट्झ, म्हणजे स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हइतकीच. या लहरींनी पेशींमधल्या पाण्याचे रेणू वेगाने हलू लागतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. तापमान 60 अंशांपुढे गेलं की पेशी काही क्षणांत मरतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईच्या टोकाभोवती पांढरा ढग पसरत जातो. ते वाफेचे बुडबुडे. साधारण 5 ते 10 मिनिटांत एक गाठ जळते.

गाठीसोबत भोवतीचा 5 ते 10 मिलिमीटरचा निरोगी भागही मुद्दाम जाळतात, कारण कडेला राहिलेल्या पेशींतून आजार पुन्हा उठतो. जवळ मोठी रक्तवाहिनी असली की वाहतं रक्त उष्णता पळवतं. जुन्या रेडिओफ्रीक्वेन्सी पद्धतीत ही अडचण जास्त येते, मायक्रोवेव्हमध्ये कमी. मात्र पित्तनलिका किंवा आतडं गाठीला खेटून असेल, तर फार जपावं लागतं.

बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. थोडा ताप, उजव्या कुशीत दुखणं, थकवा काही दिवस राहतो. ताप वाढत गेला, थंडी वाजली, कावीळ दिसली किंवा पोट असह्य दुखलं, तर लगेच रुग्णालय गाठा.

महिन्याभराने पुन्हा सीटी होतो. अहवालात आधीच्या गाठीपेक्षा मोठा डाग लिहिलेला पाहून घरचे हादरतात. तो जळालेला भाग असतो आणि तो मोठाच दिसायला हवा. त्यात कुठे रक्तपुरवठा, म्हणजे गाठीचा जिवंत राहिलेला भाग, दिसतो का, हे डॉक्टर शोधतात. दिसला, तर पुन्हा जाळता येतं.

खर्चाचं आधीच विचारून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयाचे आरोग्यमित्र सांगतात.

या उपचाराचा खरा लाभ गाठ लहान असतानाच मिळतो आणि लहान गाठ दुखत नाही. म्हणून ज्यांना अशा गाठीचा धोका जास्त, त्या सिरॉसिस असलेल्यांनी, तसंच हिपॅटायटिस बी जुना झालेल्यांपैकी ज्यांना डॉक्टरांनी सांगितलं आहे त्यांनी, काही त्रास नसला तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी.