पंचवीस जणांचा खेळ

न्यूयॉर्क राज्याच्या पार उत्तरेला, कॅनडाच्या सीमेजवळ पॉट्सडॅम हे लहानसं गाव आहे. तिथल्या क्लार्कसन विद्यापीठात विद्यार्थी जेमतेम चार हजार. बास्केटबॉल, बेसबॉल, पोहणं, सगळं ते कॉलेज खेळांच्या तिसऱ्या, म्हणजे सर्वांत खालच्या डिव्हिजनमध्ये खेळतात. फक्त आइस हॉकी पहिल्या डिव्हिजनमध्ये, देशातल्या बड्या विद्यापीठांच्या बरोबरीनं. सतरा-अठरा किलोमीटरवरच्या कँटन गावातलं सेंट लॉरेन्स विद्यापीठही तसंच. या दोन शेजाऱ्यांचा आइस हॉकीचा सामना मी क्लार्कसनच्या चील अरेनात पाहिला.

कठड्याला लागून बसलं की वेग अंगावर येतो. बर्फावर प्रत्येक संघाचे पाच जण आणि गोलरक्षक. पाऊण मिनिट जीव तोडून खेळले की ते बाकाकडे वळतात आणि ताज्या दमाचे पाच जण कठड्यावरून आत उडी घेतात. खेळ थांबत नाही. म्हणून एक-दोन हिरो असून भागत नाही. चौथ्या फळीतला पोरगाही तितकाच तयार लागतो.

मधल्या सुट्टीत झांबोनी, म्हणजे बर्फ नितळ करणारी गाडी येते. तिचं पातं बर्फाचा पातळ थर खरवडतं, मागून गरम पाणी पसरतं आणि ओरखडे भरून निघतात. काही मिनिटांत रिंक सारवलेल्या अंगणासारखी नितळ.

लहान कॉलेजांना हाच खेळ का परवडतो, ते बाकाकडे पाहून कळतं. अमेरिकन फुटबॉलला शंभरेक खेळाडू लागतात. इथं पंचवीस-सव्वीस जणांत संघ उभा राहतो. शिवाय या थंड मुलुखात हॉकी रक्तातच आहे. कॉलेज खेळांची संघटना असलेल्या एनसीएएनं 1973 साली तीन डिव्हिजन पाडल्या, त्याच्या कितीतरी आधीपासून ही कॉलेजं मोठ्यांशी भिडत होती.

तिसऱ्या डिव्हिजनच्या कॉलेजांना खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. क्लार्कसन, सेंट लॉरेन्ससारख्या मोजक्या जुन्या संस्थांना त्यातून सूट होती. ती काढून घेण्याचा प्रस्ताव 2004 मध्ये आला, पण इतर कॉलेजांनीच मतदान करून सूट राखली. स्केनेक्टडीच्या युनियन कॉलेजला मात्र ती नव्हतीच. विद्यार्थी दोन हजारांच्या आसपास, खेळाची एकही शिष्यवृत्ती नव्हती. तरीही 2014 च्या पहिल्या डिव्हिजनच्या हॉकीच्या अंतिम सामन्यात त्यांनी मिनेसोटा विद्यापीठाला 7-4 असं हरवलं. त्याच वर्षी महिलांच्या अंतिम सामन्यात क्लार्कसनच्या मुलींनीही मिनेसोटालाच 5-4 असं नमवलं.

2022 मध्ये नियम बदलला आणि युनियनसारख्या कॉलेजांनाही शिष्यवृत्तीची मुभा मिळाली. ती आधीच मिळायला हवी होती. लहान संस्थेनं सगळ्याच खेळांत मोठं व्हावं, अशी अपेक्षा कुणी करू नये. पण एका खेळासाठी ती सर्वस्व लावायला तयार असेल, तर नियमांनी तिची वाट अडवू नये.