शोधनिबंध नेमका कशाविषयी आहे?

वैद्यकातील शोधनिबंध प्रकाशित होतो तेव्हा त्याच्या मजकुराबरोबर त्याच्याविषयीची माहितीही नोंदवली जाते, आणि या माहितीविषयीच्या माहितीला मेटाडेटा म्हणतात. लेखकांची नावे, नियतकालिक, वर्ष, खंड, पृष्ठे हे तपशील पहिल्या पानावरून जसेच्या तसे उतरवून घेता येतात; खरी कसोटी लागते ती निबंधाचा विषय ठरवताना. एक लेखक ‘हार्ट अटॅक’ लिहितो, दुसरा ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’, तर तिसरा नुसत्या ‘एमआय’ या आद्याक्षरांवर भागवतो. त्यामुळे संगणकाने केवळ शब्द जुळवले तर एकाच विकारावरचे निबंध एकमेकांपासून दुरावतात आणि ज्यांत त्या विकाराचा उल्लेख ओझरताच आहे असे निबंध मात्र ढिगाने समोर येतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९६० मध्ये ‘मेडिकल सब्जेक्ट हेडिंग्ज’, संक्षेपाने ‘मेश’, ही विषयशीर्षकांची यादी काढली ती याच कारणासाठी. अशा यादीला नियंत्रित शब्दसंग्रह म्हणतात, कारण तीत प्रत्येक संकल्पनेला एकच अधिकृत शीर्षक असते व बाकीचे पर्यायी शब्द वाचकाला त्या शीर्षकाकडे वळवतात. आज या यादीत तीस हजारांहून अधिक शीर्षके असून ती १६ मुख्य शाखांत उतरंडीने लावलेली आहेत, त्यामुळे ‘हृदयविकार’ या व्यापक शीर्षकाखाली शोध घेतला की त्याच्या पोटातील सर्व विकारांवरचे निबंधही मिळतात. शिवाय एकच शीर्षक अनेक शाखांत राहू शकते. फुप्फुसाचा क्षयरोग जिवाणुजन्य संसर्गातही येतो आणि फुप्फुसांच्या विकारांतही. फळीवरच्या पुस्तकाला ही सोय नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाचे पैलू पाडून ते एका वर्गांकात गुंफले, आणि ती बुद्धीची झेप मोठीच होती, तरी पुस्तक अखेर एकाच जागी ठेवावे लागते.

शीर्षक देणे म्हणजे निबंधाविषयी मत देणे होय, आणि मत त्या त्या काळाच्या ज्ञानाने बांधलेले असते. एड्सच्या रुग्णांचे पहिले अहवाल १९८१ मध्ये आले, रोगाला नाव १९८२ मध्ये मिळाले आणि ‘मेश’मध्ये त्याचे शीर्षक १९८३ मध्ये दाखल झाले; नवे शीर्षक आल्यावर जुन्या निबंधांची नोंद सहसा पुन्हा केली जात नसल्याने अगदी सुरुवातीचे निबंध शोधायचे तर तेव्हाच्या शब्दांतच शोधावे लागतात.

२०२२ पासून शीर्षके देण्याचे काम प्रामुख्याने संगणकीय प्रणाली करते आणि तज्ज्ञ निवडक नोंदी तपासतात. निबंधांचा ओघ पाहता हा बदल अटळ होता, पण प्रणाली मुख्यतः निबंधाचे नाव आणि सारांश वाचते, त्यामुळे सारांशात न आलेली गोष्ट तिच्या नजरेतून सुटू शकते. म्हणूनच एखाद्या उपचारावरील सर्व पुरावा एकत्र करणारे अभ्यासक अधिकृत शीर्षकांबरोबर लेखकांनी वापरलेले सुटे शब्दही शोधात घालतात आणि हाती आलेल्या नोंदी एकेक करून स्वतः चाळतात.