छातीत जळजळ : इनो, डायजीन की ‘पॅन’?
मोर्चे, बैठका, उपाशीपोटी चहा, रात्री उशिरा वडापाव आणि मग छातीत जळजळ. वस्तीत काम करताना आम्ही पाहतो, मेडिकलमधून आणलेली ‘गॅसची गोळी’ घराघरांत असते. पण सगळ्या गोळ्या एकाच कामाच्या नसतात.

इनो, डायजीन पोटात आधीच तयार झालेले आम्ल निष्प्रभ करतात. काही मिनिटांत आराम पडतो, पण फार टिकत नाही. इनोमध्ये खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम असते, बीपीवाल्यांनी जपून. फॅमोटिडीन आम्ल तयार होणेच कमी करते. तिला तासभर लागतो, परिणाम मात्र बरेच तास राहतो. (त्याच गटातली रॅनिटिडीन २०२२ साली आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून वगळली गेली.)

ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल सर्वांत जोरदार. पण त्या जेवणाआधी अर्धा-एक तास घ्यायच्या, आणि पूर्ण गुण यायला एक ते चार दिवस लागतात. जळजळ सुरू झाल्यावर एक गिळून काय उपयोग? कायद्याने या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हव्यात. प्रत्यक्षात मागेल त्याला मिळतात आणि वर्षानुवर्षे खाल्ल्या जातात. अशाने शरीरातले बी-१२ कमी होऊ शकते.

छातीवर दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर गोळी शोधत बसू नका. लगेच रुग्णालय गाठा, ईसीजी काढा. शौच काळी होत असेल किंवा घास अडकत असेल, तरीही डॉक्टरच.