कागदावरच राहिलेलें विमान

पुण्याजवळील लोहगांव येथें १९८७ सालापासून मिग-२९ विमानें येऊं लागलीं. सुखोई-२७ च्या कुळांतील सुखोई-३० तर आपल्या नाशिकजवळच्या ओझर येथें बांधलीं गेलीं. हीं नांवें वाचकांस परिचित आहेत. परंतु मिग-२९ व सुखोई-२७ ज्या स्पर्धेंतून वर आलीं, तींत तिसराहि एक उमेदवार होता. त्याचें नांव याक-४५. तें विमान कधीं बांधलेंच गेलें नाहीं.

अमेरिकेच्या एफ-१५ ला तोडीस तोड विमान हवें, म्हणून १९७२ सालीं सोव्हिएत रशियांत तीन रचनाकारांच्या कार्यालयांचे आराखडे परीक्षेस मांडण्यांत आले. मिकोयान व सुखोई यांच्याबरोबर याकोव्लेव्ह होते. आणि याकोव्लेव्ह कांहीं नवशिके नव्हत! दुसऱ्या महायुद्धांत त्यांचीं विमानें हजारोंनीं लढलीं होतीं. पुढें याक-२५ व याक-२८ या जेट विमानांत त्यांनीं दोन्ही एंजिनें धडापासून दूर, पंखांखालीं बसविलीं. याक-४५ च्या आराखड्यांतहि एंजिनें पंखांवरच होतीं.

येथेंच घोडें पेंड खाल्लें. खांद्यावर कावड घेऊन चालणाऱ्या मनुष्याची एका बाजूची घागर अकस्मात् गळून पडली, तर दुसरी त्यास गर्रकन् फिरवून देते. घागरी अंगालगत असत्या, तर तो थोडा कलून सांवरला असता. दूर बसविलेल्या एंजिनांपैकीं एक बंद पडल्यास दुसरें विमानास तसेंच फिरवील, तें सपाट गिरक्या घेत खालीं येईल व वैमानिकाचा प्राण जाईल, हें भय परीक्षकांस वाटलें. याक-४५ सर्वांआधीं बाद झालें. निर्णय आम्हांस न्याय्यच वाटतो.

तरीहि एक गोष्ट मनांतून जात नाहीं. विजयी सुखोईचा पहिला नमुना २० मे १९७७ रोजीं उडाला, पण अपेक्षेस उतरला नाहीं. तेव्हां जवळजवळ सर्व रचना नव्यानें करून २० एप्रिल १९८१ रोजीं सुधारलेलें विमान उडविलें. उत्तीर्ण विद्यार्थ्यासहि उत्तरपत्रिका पुन्हां लिहूं दिली म्हणावयाची! अनुत्तीर्णास ती सवड कोठून मिळणार?

याकोव्लेव्हच्याच याक-३८ या विमानांसाठीं बांधलेली ‘बाकू’ ही युद्धनौका रूप पालटून २०१३ सालीं ‘विक्रमादित्य’ नांवानें आपल्या आरमारांत आली. तिच्या फलाटावर आतां मिग-२९ च उतरतें.