टेम्प फाइली पुसताना गटाचा हिशोब जपा



संगणक हळू चालायला लागला, जागा संपल्याचा निरोप पडद्यावर आला, की कुणीतरी जाणतं पोरगं म्हणतं, "टेम्प फाइली उडवा. स्क्रिप्ट देतो, दोनदा क्लिक केलं की झालं." नांदेड असो की लातूर, हा सल्ला सगळीकडे मिळतो. सल्ला वाईट नाही. पण त्याच संगणकात गटाचा हिशोब असेल तर जरा थांबा. आपल्या पंचसूत्रीत बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्यानंतर पाचवं सूत्र येतं ते वेळच्या वेळी लेखे लिहिण्याचं. लेखेच गेले, तर बँकेपुढे पहिली चार सूत्रं कशानं दाखवणार?

टेम्प फाइल म्हणजे काय, ते आधी पाहू. स्वयंपाक करताना आपण परात, ताटल्या, वाट्या ओट्यावर काढतो आणि काम झालं की आवरतो. संगणकही काम करताना तात्पुरतं सामान टेम्प नावाच्या फोल्डरमध्ये काढतो. प्रोग्राम नीट बंद केला, की बहुतेक सामान तो स्वतःच आवरतो. मध्येच लाइट गेली, तर मात्र ते तसंच पडून राहतं आणि ढीग वाढत जातो.

स्क्रिप्ट म्हणजे नोटपॅडमध्ये लिहिलेली हुकमांची यादी. संगणक ते हुकूम एकामागून एक पाळतो, ही फाइल कामाची आहे का, असं विचारत नाही. आपण हातानं फाइल काढली तर ती सहसा रिसायकल बिनमध्ये जाते आणि परत आणता येते. स्क्रिप्टच्या हुकमानं पुसलेली फाइल बहुतेक वेळा तिथे जातच नाही.

म्हणून स्क्रिप्ट देणाऱ्याला चार गोष्टी विचारा.

एक, टेम्प फोल्डर सापडला नाही तर ही काय करते? उत्तर हवं, "तिथेच थांबते." न थांबता पुढचा पुसण्याचा हुकूम चालला, तर ती ज्या फोल्डरमध्ये उभी असेल तिथलंच पुसेल. मग तो गटाचा फोल्डरही असू शकतो.

दोन, किती दिवसांच्या फाइली काढते? सात दिवसांहून जुन्याच काढाव्यात. आजच्या फाइली चालू कामाच्या असू शकतात.

तीन, आधी यादी दाखवते का? पहिल्या वेळी फक्त नावं दाखवणारी स्क्रिप्ट चालवा, यादी वाचा, मगच पुसा. धान्य निवडल्याशिवाय आपण दळायला देत नाही, तसंच हे.

चार, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायला सांगते का? आपल्या टेम्प फोल्डरसाठी त्याची गरज नसते. काही फाइली वापरात असल्यामुळे पुसल्या जाणार नाहीत. त्या राहू द्या.

आता सगळ्यात फसवी जागा. मेलमधून आलेला तक्ता आपण थेट उघडतो, हप्ते भरतो आणि सेव्ह करतो. पण संगणकावरच्या मेल प्रोग्राममधून किंवा झिप फाइलमधून थेट उघडलेला तक्ता बरेचदा टेम्पमध्येच असतो. म्हणजे आपली मेहनतही तिथेच जाते आणि आठवड्यानं स्क्रिप्ट ती कचरा समजून पुसते. म्हणून आलेली फाइल आधी 'सेव्ह ॲज' करून गटाच्या फोल्डरमध्ये ठेवा, मगच भरा.

पुसण्याआधी गटाच्या फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह काढून ठेवा. सगळे प्रोग्राम बंद करून संगणक एकदा रीस्टार्ट करा.

स्क्रिप्ट नको असेल, तर विंडोज १० आणि ११ मध्ये सोय आहेच. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज आणि मग टेम्पररी फाइल्स उघडा. तिथल्या यादीत डाउनलोड्स आणि रिसायकल बिन ही नावंही दिसतात. डाउनलोड्सवर खूण करू नका, कारण आपण उतरवून घेतलेले अर्ज आणि पावत्या तिथेच असतात. रिसायकल बिनही आत काय आहे ते पाहूनच रिकामी करा.

पुढच्या बैठकीत एवढं एक काम करा. गटाची हिशोबाची फाइल नेमकी कोणत्या फोल्डरमध्ये आहे, ते अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष तिघींनी मिळून पाहा आणि ठरावाच्या वहीत लिहून ठेवा.