मांजरा धरण, थेंबाथेंबाने

केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. ते काठोकाठ भरलं की सुमारे २२४ दलघमी पाणी साठतं, म्हणजे २२,४०० कोटी लिटर. मिलिलिटरला २० थेंब धरून हे पाणी मोजायला घेतलं, तर आकडा होतो ४,४८,००,००,००,००,००,०००. संगणकाला तो पेलेल का? ते त्याच्या ताकदीपेक्षा आपण कोडमध्ये संख्या कशी लिहितो यावर ठरतं.

जावा भाषेत नुसता पूर्णांक लिहिला की त्याला ३२ बिटांची जागा मिळते. तिची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७. इतके थेंब म्हणजे अवघे १,०७,३७४ लिटर! एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. ही मोजणी तिसऱ्या वाघिणीतच कोलमडली असती. मर्यादेवर एक थेंब वाढला की बेरीज थेट उणे २१४ कोटींच्या पलीकडे जाते. मात्र संख्येच्या शेवटी ‘एल’ हे एक अक्षर जोडलं की ६४ बिटं मिळतात आणि त्यांत दोन हजारांहून अधिक मांजरा धरणांचे थेंब मावतात.

जावास्क्रिप्टची गोष्ट जास्त धोक्याची. तिथली साधी संख्या ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंतच एकेका थेंबाचा हिशेब अचूक ठेवते. म्हणजे जेमतेम दोन मांजरा. शेवटी ९९२ ऐवजी ९९३ लिहा, साठतात ९९२च, आणि चुकीची सूचनाही येत नाही. ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी स्थानांची नावं परार्धापर्यंत, म्हणजे एकावर १७ शून्यांपर्यंत दिली आहेत. तिथे जावास्क्रिप्टच्या दोन लगतच्या संख्यांत १६ चं अंतर असतं. परार्धात ८ मिळवले तरी उत्तर परार्धच!

धरणाचे थेंब कुणी मोजणार नाही. पण आपल्याकडे बँकेचे खाते क्रमांक १८ अंकांपर्यंत असतात. असा क्रमांक जावास्क्रिप्टमध्ये साधी संख्या म्हणून लिहिला, तर शेवटचा अंक मुकाट्याने बदलू शकतो. सी भाषेत सुरुवातीचं शून्यही घात करतं: ०१० लिहिलं की यंत्र ८ वाचतं. खाते क्रमांकांची बेरीज-वजाबाकी कधीच करायची नसते. म्हणून ते अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणूनच लिहावेत. पीकविम्याचा पैसा ज्याचा त्याच्याच खात्यात पडला पाहिजे.