किरणांना केमोची जोड, पण आठ आठवड्यांच्या आत

गर्भाशयमुखाचा कर्करोग तिसऱ्या अवस्थेत पोहोचला आहे आणि आता शस्त्रक्रिया करता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले की सारे संपले, अशीच घरच्यांची समजूत होते. पाठोपाठ दुसरा धक्का बसतो. आठवड्यातून पाच दिवस किरणोपचार आणि त्याच काळात दर आठवड्याला केमोथेरपी, असे दोन्ही उपचार एकदमच घ्यायचे आहेत, असे सांगितले जाते. एक उपचार तरी झेपेल की नाही याची धास्ती असताना दोन एकत्र कशासाठी? आधी एक पुरा करून मग दुसरा का देत नाहीत? प्रश्न रास्त आहे. वैद्यकशास्त्रालाही त्याचे खात्रीचे उत्तर मिळण्यास पंचवीसेक वर्षे लागली. भारतीय स्त्रियांपुरते ते उत्तर तर २०१८ मध्ये, आणि तेही मुंबईतून मिळाले.

येथे एक खुलासा आधीच करायला हवा. ‘पुढे गेलेला’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या परिस्थितींसाठी सरसकट वापरला जातो. गाठ जेथे उगवली तेथेच वाढत जाऊन आजूबाजूच्या अवयवांना आणि जवळच्या लसिका ग्रंथींना भिडली, ही एक परिस्थिती. रोग रक्तावाटे फुफ्फुसात, यकृतात वा हाडांत जाऊन पोहोचला, ही दुसरी. एकत्रित उपचार मुख्यतः पहिल्या परिस्थितीसाठी आहेत आणि तेथे ते रोग बरा करण्याच्या उद्देशाने दिले जातात. दुसऱ्या परिस्थितीत किरणांचा उपयोग बहुधा वेदना किंवा रक्तस्राव थांबवण्यापुरताच असतो. घरच्यांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारायचा तो हाच, की उद्देश बरे करण्याचा आहे की त्रास कमी करण्याचा.

तीन रुग्णांपासून सुरुवात

एकत्रित उपचारांच्या इतिहासात डेट्रॉइट येथील शल्यविशारद नॉर्मन निग्रो यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. गुदद्वाराच्या कर्करोगात त्या काळी मोठी शस्त्रक्रिया करून गुदद्वारच काढून टाकावे लागे आणि रुग्णाला आयुष्यभर पोटावर पिशवी बाळगावी लागे. शस्त्रक्रियेपूर्वी गाठ थोडी आकसावी, एवढ्याच हेतूने निग्रो यांनी तीन रुग्णांना मध्यम मात्रेचे किरण आणि सोबत फाइव्ह-फ्लुओरोयुरॅसिल व मायटोमायसिन ही औषधे दिली. १९७४ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोघांची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा काढलेल्या भागात कर्करोगाची एकही पेशी सापडली नाही. तिसऱ्याने शस्त्रक्रियाच नाकारली, आणि तोही बरा राहिला. पूर्वतयारी म्हणून दिलेला उपचारच मुख्य उपचार ठरला. आज या कर्करोगात बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रियेविनाच बरे केले जाते.

गर्भाशयमुख, तोंड आणि घशाच्या कर्करोगांत मात्र किरणांचा जोडीदार म्हणून सिस्प्लाटिन हे प्लॅटिनमयुक्त औषध स्थिरावले. त्याचा शोधही अपघातानेच लागला. मिशिगन राज्य विद्यापीठातील बार्नेट रोझेनबर्ग हे विजेच्या प्रवाहाचा जिवाणूंवर काय परिणाम होतो, हे तपासत होते. जिवाणू वाढत होते, लांबत होते, पण त्यांचे विभाजन थांबले होते. ही किमया विजेची नसून प्लॅटिनमच्या विद्युतपट्ट्यांतून द्रावणात उतरलेल्या संयुगांची आहे, हे १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. विभाजन थांबवणारा पदार्थ कर्करोगावर चालेल का, हा पुढचा विचार स्वाभाविकच होता. १९७८ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. आता ते जुने झाले आहे, त्याचे पेटंट कधीच संपले आहे आणि म्हणूनच ते स्वस्त आहे. गरीब देशांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे.

एकत्र दिल्याने नेमके काय साधते?

किरण पेशीतील डीएनएचे धागे तोडतात. दोन्ही धागे तुटले आणि जोडता आले नाहीत, तर पेशी मरते. परंतु कर्करोगाच्या पेशीही आपली डागडुजी करून घेऊ शकतात. सिस्प्लाटिन डीएनएच्या धाग्यांमध्ये आडव्या गाठी मारून ठेवते आणि ही दुरुस्ती अवघड करते. किरण सोमवारी दिले आणि औषध दोन महिन्यांनी दिले, तर तोवर दुरुस्ती होऊन गेलेली असते. म्हणूनच दोन्ही एकाच वेळी हवेत. शिवाय किरण नेम धरलेल्या भागापुरतेच काम करतात, तर औषध रक्तातून सर्वत्र फिरते आणि निसटलेल्या तुरळक पेशींनाही गाठू शकते. अर्थात, आठवड्याच्या लहान मात्रेत हा दुसरा लाभ मर्यादितच असतो. मुख्य काम किरणांची धार वाढवण्याचे.

आणखी एक कारण आहे, आणि ते फारसे कोणी समजावून सांगत नाही. उपचार सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की उरलेल्या कर्करोग पेशी अधिक वेगाने वाढू लागतात. बेसावध राहिल्यास रोजच्या किरणांनी जेवढ्या पेशी मरतात, त्यातील काही वाटा ही नवी वाढ भरून काढते. त्यामुळे उपचार लांबवणे म्हणजे रोगाला सवड देणे होय. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून दिले जाणारे सुमारे २५ दिवसांचे किरणोपचार आणि त्यानंतर गर्भाशयातच उपकरण ठेवून दिली जाणारी ब्रॅकीथेरपी, हे सारे ८ आठवड्यांत आटोपावे असा दंडक आहे. त्यापुढे लांबलेल्या प्रत्येक दिवसागणिक रोग आटोक्यात राहण्याची शक्यता जवळपास एक टक्क्यापर्यंत घसरते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

आठ टक्क्यांचा अर्थ

फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने डॉक्टरांना तातडीचे निवेदन पाठवले. पाच चाचण्यांमध्ये किरणांसोबत सिस्प्लाटिन दिल्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील मृत्यूचा धोका ३० ते ५० टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले होते. जगभर उपचारपद्धती बदलली. परंतु २००२ मध्ये कॅनडातील २५३ स्त्रियांवरील चाचणीत लक्षणीय फरक आढळला नाही. पुढे २००८ मध्ये अनेक चाचण्यांची मूळ माहिती एकत्र करून विश्लेषण झाले, तेव्हा पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण एकंदर ६ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. मात्र रोग जितका पुढे गेलेला, तितका हा लाभ कमी होता. तिसऱ्या अवस्थेत आणि त्यापुढे तो जेमतेम ३ टक्के भरला.

भारतासाठी अडचण नेमकी येथेच होती. आपल्याकडे बऱ्याच स्त्रिया रुग्णालयात येतात त्याच तिसऱ्या अवस्थेत. त्यात अशक्तपणा, रक्तक्षय, आणि गाठीने मूत्रवाहिनी दाबली गेल्याने आधीच थकलेली मूत्रपिंडे. सिस्प्लाटिन तर मूत्रपिंडांवरच घाला घालणारे औषध. सुदृढ पाश्चात्त्य स्त्रियांवरील निष्कर्ष जसेच्या तसे येथे लावावेत काय, ही शंका खरोखरीच बिनतोड होती.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने तिचे उत्तर चाचणी घेऊनच शोधले. २००३ ते २०११ या काळात तिसऱ्या अवस्थेच्या ‘ब’ गटातील ८५० स्त्रियांची निवड झाली. निम्म्यांना केवळ किरणोपचार आणि निम्म्यांना किरणांसोबत दर आठवड्याला सिस्प्लाटिन दिले गेले. मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ४० मिलिग्रॅम. २०१८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी ४६ टक्के, तर एकत्रित उपचार घेतलेल्यांपैकी ५४ टक्के स्त्रिया हयात होत्या.

या आकड्यांकडे नीट पाहावे. शंभर स्त्रियांपैकी ४६ जणी केवळ किरणांनीही वाचल्या असत्या. ४६ जणींना दोन्ही उपचार मिळूनही पाच वर्षे गाठता आली नसती. केमोच्या जोडीने ज्यांचे प्राण वाचले, त्या आठ जणी. त्या आठ कोण, हे आधी ओळखता येत नाही, म्हणून त्रास सगळ्यांनीच सोसायचा. ‘केमो घेतली तर बरे व्हाल’ असे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच ‘आठ टक्क्यांसाठी कशाला’ असे म्हणणेही चुकीचे. भारतात २०२२ मध्ये या कर्करोगाचे सव्वा लाखाहून अधिक नवे रुग्ण आढळल्याचा अंदाज आहे. त्या प्रमाणात हे आठ टक्के मोजले, की त्यांचे वजन कळते. उलट्या बाजूने, ज्यांची मूत्रपिंडे औषध सोसणार नाहीत त्यांच्यासाठी केवळ किरणोपचार म्हणजे हात टेकणे नव्हे, हेही त्याच ४६ टक्क्यांतून दिसते.

तोंड आणि घसा

महाराष्ट्रात तंबाखू आणि गुटख्याने तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे. तेथे पहिला उपचार शक्यतो शस्त्रक्रिया असतो. रोग परतण्याचा धोका अधिक असल्यास नंतर किरण आणि केमो एकत्र दिले जातात. स्वरयंत्राच्या कर्करोगात मात्र एकत्रित उपचारांनी आवाजच वाचवला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत दोन्ही उपचार एकाच वेळी घेतलेल्या ८८ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र दोन वर्षांनंतर शाबूत होते. केमो आधी आणि किरण नंतर घेतलेल्यांत ७५ टक्के, तर केवळ किरणे घेतलेल्यांत ७० टक्के. तीच औषधे, तेच किरण; आधी आणि नंतर याऐवजी एकाच वेळी दिल्याने एवढा फरक पडला.

त्याची किंमतही मोजावी लागते. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येते, थुंकी चिकट होते, पाणी गिळणेही नकोसे होते. काहींना नाकातून नळी घालून अन्न द्यावे लागते. उलट्या, पांढऱ्या पेशी घटणे, कानांत आवाज येणे, ऐकू कमी येणे हे सिस्प्लाटिनचे खास दोष. मूत्रपिंडे सांभाळण्यासाठी औषधाच्या आधी-नंतर सलाइनच्या बाटल्या द्याव्या लागतात, म्हणून किरणे पाच-दहा मिनिटांत उरकली तरी केमोचा दिवस रुग्णालयातच जातो.

त्रास कमी व्हावा म्हणून अनेक ठिकाणी तीन आठवड्यांतून एकदा मोठी मात्रा देण्याऐवजी दर आठवड्याला ३० मिलिग्रॅमची लहान मात्रा देण्याचा प्रघात पडला होता. टाटा रुग्णालयानेच ३०० रुग्णांवर तो तपासला. २०१८ मधील निष्कर्षानुसार दोन वर्षांनंतर रोग आटोक्यात राहण्याचे प्रमाण मोठ्या मात्रेत ७३ टक्के, तर लहान मात्रेत ५८.५ टक्के होते. त्रास खरोखरच कमी झाला होता, पण सोबत परिणामही उणावला होता. पुढे जपानमधील चाचणीत शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांसाठी आठवड्याला ४० मिलिग्रॅमची मात्रा मोठ्या मात्रेच्या तोडीची ठरली. दहा मिलिग्रॅमचा हा फरक रुग्णाला ठाऊक असण्याचे कारण नाही, पण डॉक्टरांना विचारण्याजोगा तो निश्चित आहे. ज्यांना सिस्प्लाटिन चालतच नाही अशांना डोसेटॅक्सेलचा आधार मिळतो, हेही २०२३ मध्ये याच रुग्णालयाने दाखवून दिले. दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण त्याने सुमारे ४२ वरून ५१ टक्क्यांवर गेले. वयाचाही विचार करावा लागतो. डोके व मानेच्या कर्करोगांत केमोच्या जोडीचा लाभ वयाबरोबर घटत जातो आणि सत्तरीनंतर तो दिसेनासा होतो.

आठ आठवडे गाठायचे कसे?

कागदावरचे वेळापत्रक आणि गावाकडून आलेले कुटुंब यांचा मेळ बसवणे हा या उपचारातील सर्वांत कठीण भाग. रोजच्या पाच-दहा मिनिटांच्या किरणांसाठी दोन महिने शहरात राहायचे, सोबत एक माणूस हवा, त्याची रोजंदारी बुडते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत केमोथेरपी आणि किरणोपचार या दोन्हींचा समावेश आहे, पण राहण्या-खाण्याचा प्रश्न उरतोच. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत वर्षानुवर्षे कर्करोगाचे रुग्ण उतरतात ते त्यामुळेच. सणासाठी, पेरणीसाठी, घरच्या लग्नासाठी ‘चार दिवस जाऊन येतो’ असे म्हणून निघालेला रुग्ण दहा दिवसांनी परततो, आणि तेवढ्या दिवसांत केमोने मिळवलेला लाभ हातचा जाऊ शकतो.

आणखी काही गोष्टी उपचाराआधीच उरकाव्या लागतात. तोंडाला किरण द्यायचे असतील तर किडलेले दात आधी काढावे लागतात; नंतर काढल्यास जबड्याचे हाड कुजण्याचा धोका असतो. हिमोग्लोबिन दहाच्या आसपास तरी असावे, असा प्रयत्न असतो. रक्त द्यावे लागले तर तेही लगेच, उपचार न थांबवता. ब्रॅकीथेरपीला भिऊन ती टाळणाऱ्या स्त्रियाही आहेत. आतून दिलेल्या या किरणांशिवाय गर्भाशयमुखाचा उपचार अपुरा राहतो, हे त्यांना सुरुवातीलाच सांगितले गेले पाहिजे.

आता या जोडीत तिसरा घटक येत आहे. एकत्रित उपचारांआधी सहा आठवडे पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लाटिन दिल्याने पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ७२ वरून ८० टक्क्यांवर गेल्याचा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. या चाचणीत भारतातील रुग्णही होते. मात्र बहुसंख्य स्त्रिया दुसऱ्या अवस्थेतील होत्या. त्याच वर्षी पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या औषधाच्या जोडीनेही तीन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ७५ वरून ८३ टक्क्यांवर गेल्याचे दिसले. पहिली दोन औषधे जुनी आणि आवाक्यातील आहेत. तिसऱ्याचा खर्च लाखांत जातो आणि ते दीर्घकाळ घ्यावे लागते.

उपचार संपल्यावर लगेच तपासणी करून ‘गाठ अजून आहे’ म्हणून घाबरून जाणारेही पुष्कळ. किरणांनी घायाळ झालेल्या पेशी मरण्यास काही आठवडे लागतात. त्यामुळे पेट-सीटी साधारणतः बारा आठवड्यांनंतरच करतात. मानेच्या ग्रंथींबाबत या प्रतीक्षेचे फळ मोठे आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ५६४ रुग्णांच्या चाचणीत अशा तपासणीवर भिस्त ठेवलेल्या गटातील सुमारे पाचांपैकी चौघांना मानेच्या शस्त्रक्रियेची गरजच पडली नाही.